दुसरं पत्र

आमच्या घरात १९६२ चं युद्ध एका वाक्यात संपतं. 'हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला.' आजीच्या लेखी त्याचा अर्थ अगदी सरळ आहे. चिनी आले, नेहरूंनी यशवंतरावांना बोलावलं, यशवंतराव दिल्लीला गेले, चिनी परत फिरले. या गोष्टीत तिचा स्वतःचाही एक तुकडा आहे. तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं आणि राष्ट्रीय संरक्षण निधीला तिनं हातातली एक पाटली काढून दिली होती. एकच का, तर दुसरी सासूबाईंनी काढू दिली नाही. ती उरलेली पाटली आजही तिच्या हातात आहे, आणि गोष्ट सांगताना ती नकळत तिच्यावरून बोट फिरवत राहते.

फलटणमध्ये वाढलेल्या माणसाला यशवंतराव चव्हाण टाळता येत नाहीत. वेणूताईंचं माहेर इथलं, मोऱ्यांकडचं. १९४३ साली भूमिगत असताना यशवंतराव आजारी वेणूताईंना भेटायला फलटणला आले आणि इथेच पकडले गेले. १ डिसेंबर १९५५ ला याच गावात, मालोजीराजे नाईक निंबाळकरांच्या राजवाड्यात, जिल्ह्यातल्या काँग्रेसवाल्यांच्या बैठकीत त्यांनी जाहीर केलं की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांतून एकाची निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूनं उभे राहू. त्यापायी त्यांना महाराष्ट्रभर शिव्या पडल्या. त्यानंतर सात वर्षांनी नेहरूंनी त्यांना बोलावलं, तेव्हा फलटणच्या त्या वाक्याचा हिशेब पुरा झाला असं आमच्याकडे मानतात. गोष्ट म्हणून ती इतकी घोटीव आहे की तिच्यावर शंका घ्यायचं मला कधी सुचलंच नाही.

शंका आली ती कामामुळे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसभर एका साच्यातला मजकूर दुसऱ्या साच्यात ओतत असते. एकदा एक्सएमएलच्या मोठ्या, शिस्तशीर फाइल्सचा नमुना हवा होता, तर कुणीतरी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या दस्तऐवजांचा संच सुचवला. त्यांचा इतिहास विभाग जुन्या तारा, टिपणं, बैठकांचे वृत्तांत खंडांमध्ये छापतो, आणि ते सगळे खंड गिटहबवर फुकट पडलेले आहेत. मी ते उतरवून घेतले आणि कुठल्याही फलटणकरानं केलं असतं तेच केलं: 'चव्हाण' शोधलं. ते सापडत गेले, वॉशिंग्टनमधल्या बैठकांत, राजदूतांच्या तारांमध्ये. पण १९६१ ते ६३ च्या दक्षिण आशिया खंडात मी अडकले ती दुसऱ्याच जागी. २० नोव्हेंबर १९६२. यशवंतरावांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली त्याच्या आदल्या दिवशीची एक तार.

तार परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांची, दिल्लीतल्या गॅल्ब्रेथ या राजदूतांना. तिचा आशय असा: पंतप्रधानांचा ताजा निरोप पाहता ते आमच्याकडे नुसतं साहित्य मागत नाहीत, जवळजवळ लष्करी युती मागत आहेत, आम्ही प्रत्यक्ष लढाईत उतरावं असं म्हणत आहेत. संकटात सापडलेल्या सरकारची ही प्रतिक्रिया समजू शकते, पण यापुढे अलिप्ततेचा दावा तिच्याशी जुळणार नाही. मी तीनदा वाचलं. कुठला ताजा निरोप? तो त्या खंडात छापलेला नाही. उत्तर समोर आहे आणि प्रश्न गायब. आमच्या धंद्यात असं झालं की आम्ही लॉग मागे मागे नेत जातो. मीही तेच केलं आणि बॉस्टनला पोचले, म्हणजे अर्थातच फोनच्या स्क्रीनवर.

अमेरिकेत हर्बर्ट हूवरपासून पुढच्या राष्ट्राध्यक्षांच्या कागदपत्रांसाठी वेगवेगळी ग्रंथालयं आहेत. केनेडींचं बॉस्टनच्या किनाऱ्यावर, १९७९ साली उघडलेलं. त्यांच्या राष्ट्रीय सुरक्षा फाइल्समध्ये भारताच्या फाइल्स आहेत आणि त्यांत नेहरूंचा पत्रव्यवहार. अशा फाइलची एक गंमत मला फार आवडते. एखादा कागद अजून गुप्त असेल तर तो नुसता काढून घेत नाहीत. त्याच्या जागी एक फॉर्म ठेवतात: अमुक तारखेचं, अमक्यानं तमक्याला लिहिलेलं पत्र इथे होतं आणि या कारणानं काढून ठेवलं आहे. म्हणजे तुम्हाला काय कळलेलं नाही, एवढं तरी नीट कळतं. त्या फाइल्समधली १९ नोव्हेंबर १९६२ ची नेहरूंची दोन पत्रं २०१० साली पूर्ण खुली झाली.

एकाच दिवसाची दोन पत्रं. या लेखाचं कारण तेच. लोक त्यांचा उल्लेख 'नेहरूंनी केनेडींकडे मदत मागितली' असा एका दमात करतात. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचली की लिहिणारा माणूस मधल्या काही तासांत बदललेला दिसतो.

पहिलं पत्र ओळखीच्या नेहरूंचं आहे. हल्ला सुरू होऊन महिना झाला, मधे लढाई थोडी थंडावली होती, आता चिन्यांनी पुन्हा जोर केला आहे, आतापर्यंतच्या मदतीबद्दल आभार, आता वाहतुकीची आणि लढाऊ विमानं लागतील. वाक्यं लांब आहेत आणि तोल सांभाळलेला आहे. आमच्या आणि आमच्या मित्रांच्या प्रयत्नांविषयी एकत्र बोलणं आहे. मागतानाही बरोबरीचा सूर सुटत नाही.

दुसऱ्या पत्राची सुरुवातच पहिल्या पत्राच्या चुकीनं होते: ते पाठवून काही तासच झाले आणि परिस्थिती आणखी बिघडली. त्यानंतर ठिकाणांची नावं येत जातात. बोमदिला पडलं. सेला खिंडीतून मागे फिरलेलं सैन्य सेला आणि बोमदिला यांच्यामध्ये सापडलं. डिगबोईच्या तेलविहिरी धोक्यात. सगळं ब्रह्मपुत्रेचं खोरं धोक्यात. काही केलं नाही तर आसाम, त्रिपुरा, मणिपूर, नागालँड जातील. चुंबी खोऱ्यात चिनी फौजा जमल्या आहेत. लडाखमध्ये चुशूलला धोका आहे. जगाचा इतिहास तुरुंगात बसून आठवणींवर लिहिणारा हा लेखक इथे भूगोलाच्या बाहेर जात नाही. नकाशावर बोट ठेवून एकेक नाव उच्चारत राहतो. उपमा नाही, तात्पर्य नाही. नेहरूंच्या हातून आलेलं इतकं उघडं गद्य मी दुसरं वाचलेलं नाही.

मग मागणी येते आणि तिची भाषा एकदम आमच्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटसारखी होते. कोणत्याही हवेत उडू शकणाऱ्या, आवाजापेक्षा वेगवान लढाऊ विमानांच्या किमान १२ स्क्वाड्रन. रडारचं जाळं. आपली माणसं शिकून तयार होईपर्यंत ती विमानं आणि रडार चालवायला अमेरिकेच्याच हवाई दलाची माणसं. शिवाय बी-४७ बॉम्बर्सच्या दोन स्क्वाड्रन, त्यांच्यासाठी आपले वैमानिक अमेरिकेत शिकायला पाठवू. आणि पाकिस्तानविरुद्ध यातलं काही वापरणार नाही, अशी हमी.

मागणीच्या आधी एक वाक्य येतं, ज्याच्यावरून बहुतेक लोक घाईनं पुढे जातात. नेहरू म्हणतात, आतापर्यंत आम्ही हवाई मदत मागितली नाही, कारण तिचे जगावर काय परिणाम होतील याचा विचार होता आणि मित्रांना अडचणीत टाकायचं नव्हतं. या वाक्यात पंधरा वर्षांचं परराष्ट्र धोरण मावलं आहे आणि तिथेच ते हातातून सुटतं आहे. सुटताना लिहिणाऱ्यानं ते लपवलेलं नाही. आम्ही का मागत नव्हतो तेही सांगितलं आणि आता का मागतो आहोत तेही. समीक्षक म्हणून मला विचाराल तर पत्राची ताकद या प्रामाणिकपणात आहे. राजकारणी म्हणून विचाराल तर भयंकर चूकही इथेच आहे: स्वतःचं हवाई दल लढाईत न उतरवता दुसऱ्याचं मागणं. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात.

ही पत्रं बाहेर आली तीही मजेशीर क्रमानं. १९६५ साली सुधीर घोष या खासदारांनी राज्यसभेत सांगितलं की नेहरूंनी अमेरिकेची हवाई मदत मागितली होती. त्यावरून गदारोळ झाला आणि सरकारनं हात झटकले. १९६९ साली गॅल्ब्रेथ यांची डायरी छापून आली. तिच्यात मदतीच्या दोन विनंत्यांचा उल्लेख होता, पैकी दुसरी फार गुप्त. १९९६ साली रस्क यांची तार छापली गेली. आणि २०१० साली मूळ पत्र. म्हणजे आधी अफवा, मग डायरीतली एक ओळ, मग उत्तर, आणि सगळ्यात शेवटी प्रश्न. अठ्ठेचाळीस वर्षं हे पत्र लोकांनी त्याच्या सावलीवरून ओळखलं. मूळ हाती आल्यावर मात्र ते वाचायची कुणाला घाई दिसली नाही.

आता ते कसं फिरतं ते तुम्हीही पाहिलं असेल. दुसऱ्या पत्राच्या एखाद्या परिच्छेदाचा स्क्रीनशॉट, त्यावर लाल चौकोन, खाली 'नेहरूंनी भीक मागितली'. त्याखाली दुसऱ्या बाजूचे लोक येतात: हे बनावट आहे, सीआयएचा डाव आहे. फॅमिली ग्रुपवर हे दोन्ही मी एकाच दुपारी पाहिलं, एक एका काकांकडून, दुसरं दुसऱ्या काकांकडून. दोघांनीही पहिलं पत्र पाहिलेलं नव्हतं. 'डीक्लासिफाइड' हा शब्द आपल्याकडे 'अखेर सत्य बाहेर आलं' अशा अर्थानं वापरतात आणि तिथेच वाचन थांबतं. पण कागद उघडला म्हणजे त्याचा अर्थ उघडला असं होत नाही. ते कुणीतरी, कुणालातरी, काहीतरी मिळवण्यासाठी लिहिलेलं असतं. परिस्थिती किती वाईट आहे हे दुसऱ्या पत्रात सांगितलं आहे ते केनेडींना पटावं म्हणून, फलटणच्या इतिहासप्रेमींसाठी नव्हे. भीती खरी होती आणि ती नेमकी मांडलेलीही होती. अर्ज लिहिणाऱ्या कुणालाही हे कळेल.

दुसरा दोष तिकडचा आहे. या पत्रांवर आधारलेलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक ब्रूस रिडेल यांचं, २०१५ चं. नावातच तो केनेडींचा 'विसरलेला' पेचप्रसंग आहे. विसरलेला कुणी? आमच्या गल्लीत तर कुणी विसरलेलं नाही. कागद ज्याच्या घरात, कथेचा नायक त्याच्या घरातला, असं होणारच. म्हणून मग तिसरी बाजू शोधावी लागते. ती मराठीत कुठे आहे?

तारखा आधी सरळ लावून घेऊ. कृष्ण मेनन यांच्याकडून ३१ ऑक्टोबरला संरक्षण खातं काढून घेतलं, ते नेहरूंनी स्वतःकडे ठेवलं. दोन पत्रं १९ नोव्हेंबरला. यशवंतरावांचा शपथविधी २१ नोव्हेंबरला. त्याच दिवशी चीननं एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केला. सह्याद्री पोचला तेव्हा लढाई थांबत होती. आणि हिमालयानं जी हाक मारली होती, ती कागदोपत्री तरी सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं, अटलांटिक समुद्रापार मारली होती. मी हे पहिल्यांदा एका ओळीत लिहून पाहिलं तेव्हा आजीशी बेइमानी केल्यासारखं वाटलं.

पण घोषणेनं एक गोष्ट झाकलीही. यशवंतरावांनी काय केलं याचं खरं मोल लढाई थांबल्यानंतरच्या वर्षांत आहे: मोडलेलं सैन्य पुन्हा उभं करणं, सेनापती आणि मंत्री यांच्यातला अविश्वास निवळवणं, १९६४ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनला जाऊन शस्त्रांसाठी घासाघीस करणं. तिथे असतानाच नेहरू गेल्याची बातमी त्यांना कळली. लढाऊ विमानांबाबत अमेरिकेनं मनासारखं दिलं नाही तेव्हा त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले. धावण्यापेक्षा हे चालणं कठीण होतं. त्याच्यावर कुणी घोषणा केली नाही, करता येणारही नाही.

हे त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं. 'कृष्णाकाठ' हे त्यांचं आत्मचरित्र १९८४ साली आलं. देवराष्ट्रे, कऱ्हाड, बेचाळीसची चळवळ, सगळं त्यात आहे, आणि ते १९४६ शी थांबतं. दिल्लीच्या वर्षांचा खंड 'यमुनाकाठ' होणार होता. २५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले. मराठीतल्या न लिहिलेल्या पुस्तकांत मला सगळ्यात जास्त हळहळ या पुस्तकाची वाटते. १९६५ च्या युद्धाची त्यांची डायरी राम प्रधानांनी २००७ साली छापली, ती महत्त्वाची आहे. आणि परदेश दौऱ्यांतून वेणूताईंना लिहिलेली पत्रं 'विदेश दर्शन' या नावानं आहेत. परराष्ट्र धोरणाचं आमचं मराठी दप्तर म्हणजे नवऱ्यानं बायकोला लिहिलेली पत्रं, आणि ती बायको फलटणची. मला यात हसू येतं आणि बरंही वाटतं. पण नोव्हेंबर १९६२ साठी ती पुरत नाहीत.

जे पुरलं असतं ते बंद आहे. युद्धात नेमकं काय चुकलं हे तपासणारा हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा अहवाल १९६३ साली सरकारला मिळाला. २ सप्टेंबर १९६३ ला संरक्षणमंत्र्यांनी संसदेत त्यावर निवेदन केलं: निष्कर्षांचा सारांश सांगितला आणि मूळ अहवाल सुरक्षेच्या आणि सैन्याच्या मनोधैर्याच्या दृष्टीनं जाहीर करता येणार नाही असं म्हटलं. ते संरक्षणमंत्री म्हणजे यशवंतरावच. फाइल आमच्याच माणसानं बंद केली. त्या वर्षी मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. सीमेवर सैन्य नव्यानं उभं राहत होतं. पण २०१० साली माहिती आयोगानंही तो देता येणार नाही असं ठरवलं, आणि नेहरूंचं पत्र बॉस्टनला पूर्ण उघडलं तेही २०१० सालीच. २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकारानं त्याचा बराचसा भाग आपल्या वेबसाइटवर टाकला. सरकारच्या लेखी तो अजूनही गुप्त आहे. आपल्याकडेही पंचवीस वर्षांपेक्षा जुने कागद राष्ट्रीय अभिलेखागारात द्यायचा नियम आहे, १९९३ च्या कायद्याखालचा. ज्या कागदाच्या जागी 'इथे एक कागद होता' असा साधा फॉर्मसुद्धा नाही, त्याची समीक्षा करायची कशी? मग घोषणा उरते. घोषणेला तळटीप नसते.

गेल्या दिवाळीत मी घरी होते. दुपारी आजी ओसरीवर वाती वळत बसली होती. मी फोनवर दुसरं पत्र उघडलं आणि तिला मराठीत सांगत गेले. तिला बोमदिला माहीत होतं, रेडिओवर ऐकलेलं. सेला माहीत नव्हतं. डिगबोईला ती थांबली. 'त्याल आपल्यात निघतंय व्हय?' म्हणाली. मग विमानांची यादी आली. आजी वाती वळायची थांबली.

'आन् हे नेहरूंनी लिवलं? सोताच्या हातानं?'

'टाइप केलंय. पण त्यांचंच.'

'यशवंतराव जायच्या आदुगर?'

'दोन दिवस आधी.'

ती बराच वेळ गप्प. मला वाटलं, आता रागावेल, माझ्यावर किंवा नेहरूंवर.

'मग दिली का त्यानं इमानं?'

'विचार करतो म्हणाले, माणसं पाठवली पाहणी करायला. तोवर लढाई थांबली.'

'म्हंजी पत्र फुकाट गेलं.' तिनं पुन्हा वात हातात घेतली. 'माझी पाटली तरी कामाला आली का, ते हाय का कुठं लिवल्यालं?'

नव्हतं. निधीची पावती घरात कधीतरी हरवली होती, आणि पाटलीचा हिशेब ठेवणारं ग्रंथालय कुठल्या किनाऱ्यावर मला माहीत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, 'वाच की परत. ते आसामचं वाच. लई घाबरला हुता गं त्यो माणूस.'

मी स्क्रीन वर सरकवली आणि पुन्हा बोमदिल्यापासून सुरुवात केली.